दोष एकट्या उत्परिवर्तनाचा नव्हे

कुंभकोणमपासून अय्यमपेट्टैपर्यंत कावेरीच्या फाट्यांलगत पानमळे आहेत. हादग्याच्या खोडांवर वेली चढवलेल्या, मधून पाण्याचे पाट. इथल्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खाणाऱ्यांनी ते कित्येक पिढ्या आधीच देऊन टाकले होते. खाणारा पानाची शीर काढतो, पाठीवर चुन्याचे बोट फिरवतो, वर ‘सीवल’ म्हणजे सुपारीचे कागदासारखे पातळ काप ठेवतो आणि घडी गालात सरकवतो. पुगैयिलै, म्हणजे तंबाखू, ज्याच्या त्याच्या मर्जीवर. व्यंकोजीराजांच्या मागोमाग येऊन इथे मुरलेल्या मराठी घरांतही विड्यावाचून मंगलकार्य पुरे होत नाही.

या गावांत कोणाच्या गालात न भरणारा व्रण निघाला आणि तो कॅन्सरचा ठरला, की कारणमीमांसा ठरलेली असते. एक पक्ष शेतावर फवारलेल्या औषधांकडे बोट दाखवतो. तिरुवैयारूजवळच्या इळंगाडूत जन्मलेल्या नम्माळ्वारांनी रासायनिक शेतीविरुद्ध आयुष्य वेचले, तेव्हापासून या पक्षाला मोठे बळ आहे. दुसरा पक्ष म्हणतो, नशीब. आणि घरातले कोणीतरी हळूच पुस्ती जोडते, ‘तंबाखू नव्हती हो, नुसती सुपारी खात होते.’ वरवर पाहता ही तीन वेगळी मते. मुळाशी मात्र तिघांचा सिद्धान्त एकच आहे: बाहेरच्या विषाने किंवा योगायोगाने एखाद्या पेशीतले जनुक बिघडते, ती पेशी बेफाम वाढते, आणि तोच कॅन्सर. विष सापडले की कारण सापडले. विष नसेल तर दैव. शहरातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या पाठ्यपुस्तकाचे आणि वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीचेही हेच मत आहे. मला ते अपुरे वाटते, आणि त्या अपुरेपणाची किंमत मोजावी लागते असेही वाटते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो लेचापेचा नाही. १९१४ मध्ये थिओडोर बोवेरी यांनी गुणसूत्रांतल्या बिघाडातून गाठ जन्मते असे मांडले. १९५४ मध्ये आर्मिटेज आणि डॉल या दोघा इंग्रज संशोधकांनी दाखवले की अनेक कॅन्सरांचे मृत्यू वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतात; म्हणजे सहा-सात घटना एकाच पेशीच्या वाट्याला याव्या लागत असणार. १९७१ मध्ये नडसन यांनी मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमावर तोच विचार लावला आणि दोन घटनांचे गणित जुळवले. पुढे कर्करोगजनुके हाती लागली. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसात तंबाखूच्या धुराची ठळक खूण डीएनएवर उमटलेली दिसली: रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या प्रत्येक पेशीत वर्षाला सुमारे १५० उत्परिवर्तने, असा हिशेब २०१६ मध्ये निघाला. झिरोडर्मा पिग्मेंटोसम या व्याधीत उन्हाने झालेली डीएनएची मोडतोड दुरुस्त होत नाही, आणि त्या मुलांना लहान वयातच त्वचेचे कॅन्सर होतात. २०१५ मध्ये टोमासेट्टी आणि फोगलस्टाइन यांनी तर पेशी विभागताना होणाऱ्या अटळ चुकांवर बराच भार टाकला, आणि जगभरच्या मथळ्यांनी त्याचे ‘दुर्दैव’ करून टाकले. इतका पुरावा असलेल्या मताला कोणी चूक म्हणेल कसे?

मी चूक म्हणत नाही. उत्परिवर्तनावाचून कॅन्सर जवळजवळ होत नाही, हे मान्य. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे: उत्परिवर्तन झाले म्हणजे कॅन्सरची सुरुवात झाली, हे खरे नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली, जी आधी करणे तंत्राअभावी जमत नव्हते. त्यांनी निरोगी शरीर तपासले. २०१५ मध्ये इनिगो मार्टिनकोरेना आणि त्यांच्या केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या सहकाऱ्यांनी चार जणांच्या पापणीची कातडी घेतली. पापणी सैल पडल्यामुळे शस्त्रक्रियेत कापून टाकलेली ही कातडी होती, आजारी नव्हे. (सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी करून ठेवल्या, त्या तंजावरच्या सरस्वती महालात आहेत; पापणीतून पुढे जे निघाले त्याचे त्या जिज्ञासू राजाला बहुधा सगळ्यांत कमी आश्चर्य वाटले असते.) त्या कातडीतल्या १८ ते ३२ टक्के पेशींत कॅन्सरला कारण मानली जाणारी, निवडीत सरस ठरलेली (म्हणजे आपल्या पेशीला शेजारणींवर मात करून पसरू देणारी) उत्परिवर्तने निघाली. उन्हात राबलेली कातडी, म्हणून सोडून देता आले असते. पण २०१८ मध्ये त्याच गटाने नऊ दात्यांची अन्ननलिका पाहिली, जिथे ऊन पोचत नाही. मध्यम वय उलटेपर्यंत अन्ननलिकेच्या अस्तराचा निम्म्याहून अधिक भाग अशा बदललेल्या पेशीकुळ्यांनी, म्हणजे एकेका पेशीच्या वंशजांनी, व्यापलेला होता. एका ‘नॉच-१’ जनुकाचीच बिघडलेली प्रत काही दात्यांच्या ८० टक्क्यांपर्यंत पेशींत होती. माणसे धडधाकट, अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीसारखे.

आपल्या विषयाला सगळ्यांत जवळचा पुरावा २०२५ चा. इंग्लंडमधल्या जुळ्यांच्या एका जुन्या नोंदवहीतल्या स्वयंसेवकांच्या गालाच्या आतून बोळ्याने घेतलेले १,०४२ नमुने, आणि एकेका डीएनए-रेणूतली चूकही पकडणारे नवे तंत्र. तोंडाच्या अस्तरात ४६ जनुकांची उत्परिवर्तने निवडीत सरस ठरत होती, आणि अशी उत्परिवर्तने मिळून ६२ हजारांहून अधिक सापडली. ही इंग्रजी तोंडे होती. सीवल, सुण्णाम्बु (चुना), पुगैयिलै यांतले काही त्यांना माहीतही नसावे. आता याशेजारी २०१३ चा भारतीय अभ्यास ठेवा. खारघरचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकविज्ञान संस्था यांच्या गटाने आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरची जनुके वाचली. पुन्हा पुन्हा आलेली नावे: टीपी-५३, नॉच-१, फॅट-१, कॅस्प-८. यांतली टीपी-५३ आणि नॉच-१ निरोगी तोंडातही निवडीत सरस ठरतात. आरोपीचे ठसे जर गावातल्या प्रत्येक घरात सापडत असतील, तर ठशांवरून गुन्हा सिद्ध होत नाही.

नॉच-१ ची तर गंमतच आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरात तो बिघाड साधारण दहातल्या एकात दिसतो. निरोगी अन्ननलिकेत कितीतरी पटीने अधिक. जे कॅन्सरचे कारण, ते कॅन्सरपेक्षा निरोगी अस्तरात जास्त? उंदरांवरच्या प्रयोगांनी उत्तर दिले. २०२१ मध्ये दिसले की अस्तरातल्या बदललेल्या पेशीकुळ्या नुकत्या उगवणाऱ्या सूक्ष्म गाठींना ढकलून अस्तराबाहेर टाकतात. २०२३ मध्ये दिसले की नॉच-१ गमावलेल्या पेशी जागा भराभर व्यापतात खऱ्या, पण गाठीची वाढ मात्र त्यांच्यामुळे खुंटते. म्हणजे काही उत्परिवर्तने पहारेकऱ्याचे काम करतात. ‘म्युटेशन सापडले’ या निदानाच्या दोन शब्दांवर घाबरून जाणाऱ्याने हे एकदा ऐकायला हवे.

पूर्वपक्षी म्हणेल, ठीक, पण उत्परिवर्तने जास्त तर धोका जास्त. हेही पूर्ण टिकत नाही. काही कुटुंबांत डीएनएची नक्कल करणाऱ्या पोल-ई किंवा पोल-डी-१ या विकराचा सुधारक भाग जन्मतःच सदोष असतो. २०२१ मध्ये या लोकांच्या निरनिराळ्या ऊतींतली उत्परिवर्तने मोजली, तेव्हा ती सर्वत्र नेहमीपेक्षा अधिक निघाली, काही ठिकाणी अनेक पटींनी. त्यांना मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर अधिक होतो. पण बाकीच्या बहुतेक ऊती तो भार वर्षानुवर्षे निमूट वाहतात, आणि ही माणसे अकाली म्हातारीही होत नाहीत. दुसरा पुरावा भूगोलाचा. अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कॅन्सरचे प्रमाण जगात कुठे प्रचंड, कुठे अगदी थोडे. विष जागोजागी वेगळे असेल तर त्याची खूणही वेगळी असायला हवी. २०२१ मध्ये आठ देशांतल्या ५५२ गाठींचे संपूर्ण जनुकीय वाचन झाले. प्रमाणातला हा फरक समजावून देईल अशी वेगळी खूण मिळाली नाही. त्याच्या आदल्या वर्षी २० ज्ञात किंवा संशयित कर्करोगकारक रसायनांनी उंदरांत उठवलेल्या गाठी वाचल्या गेल्या. बहुतेक रसायनांनी ना स्वतःची खूण सोडली होती, ना उत्परिवर्तनांचा भार वाढवला होता. गाठी मात्र उठल्या होत्या.

मग ही रसायने करतात काय?

याचे उत्तर आपल्या औषधांच्या बटव्यात निदान ८० वर्षे पडून आहे. जमालगोटा, तमिळ सिद्धवैद्यांचे नेर्वाळम्. जुलाबासाठी शुद्ध करून, जपून वापरायचे बी. त्याचे तेल कातडीला लागले तर फोड येतात. आयझॅक बेरेनब्लम यांनी १९४१ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये उंदरांच्या कातडीवर एका कर्करोगकारक रसायनाचा अपुरा डोस दिला. काही झाले नाही. त्यानंतर तिथे पुन्हा पुन्हा जमालगोट्याचे तेल लावले, गाठी उठल्या. नुसत्या तेलाने गाठी क्वचितच. उलट क्रमाने, आधी तेल आणि मग रसायन, असे केले तर परिणाम नाहीसाच. १९४७ मध्ये शुबिक यांच्या सोबतीने हे काम पक्के झाले, आणि पहिल्या डोसानंतर पुष्कळ आठवडे जाऊ दिले तरी तेल आपले काम करते हेही दिसले. पहिल्या रसायनाने पेशी बदलून ठेवल्या होत्या; त्या गप्प बसून होत्या. तेलाने जनुके बिघडवली नाहीत. त्याने कातडी सतत सुजती ठेवली, आणि त्या सुजेत गप्प बसलेल्यांचे फावले. पुढे जनुकांचा डंका इतका वाजला की हा प्रयोग पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेत गेला. २०२३ मध्ये हवेतल्या सूक्ष्म कणांबाबत लंडनच्या शास्त्रज्ञांना फुप्फुसात जवळजवळ हेच दिसले, तेव्हा कुठे बेरेनब्लम पुन्हा आठवले.

तंजावरच्या शेतकऱ्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. मेट्टूरचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटले, वेळेवर शेवटच्या पाटापर्यंत पोचले, तर चिखलणी होते, रोपे लावली जातात, बांधात चार बोटे पाणी उभे राहते, आणि मातीत पडलेले सावा जातीच्या तणाचे बी बहुतांशी पडूनच राहते. पाणी लांबले की तो कोरड्यात थेट पेरणी करतो. त्या वर्षी निंदणीची मजुरी भातापेक्षा महाग पडते. तणाचे बी दोन्ही वर्षी तेवढेच होते. त्याची मोजदाद करून पीक बुडेल का, हे सांगता येणार नाही. पाण्याकडे पाहून सांगता येईल.

आता तोंडाकडे. सुपारी चघळणाऱ्या सगळ्यांना नाही, पण अनेकांना एक विकार जडतो, तो मराठी वाचकाला गुटख्यामुळे ओळखीचा आहे. केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांत तो श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे स्वतंत्र वर्णन केले. सुरुवात तिखट झोंबण्याने होते. साधे सांबारही सोसत नाही. मग गालाचे अस्तर फिके, संगमरवरासारखे होते. बोट फिरवले तर आत दोऱ्यांसारखे उभे पट्टे लागतात. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. इथे दोन, मग एक. सुपारीतले ॲरेकोलीन अस्तराखालच्या पेशींना तंतू विणायला लावते, तिच्यातल्या तांब्यामुळे त्या तंतूंना घट्ट बांधणारे विकर जोरात येते, आणि वरचे अस्तर उपाशी पडल्यासारखे पातळ होते. चुना त्याला रोज नव्याने भाजतो. या भूमीत आधीपासून असलेल्या बदललेल्या पेशींपैकी कोण टिकणार, हे ठरवणारे नियमच बदलतात. निरोगी ओल्या अस्तरात जी कुळी मागे पडली असती, तिला इथे मोकळे रान मिळते.

सुपारीपासून डीएनएला इजा करणारे नायट्रोसामिनही बनतात, हे मी लपवत नाही. परंतु निव्वळ तेवढ्यावर बोट ठेवले की ‘नुसती सुपारी’वाल्यांना पळवाट मिळते: तंबाखूच्या मानाने तिचे विष सौम्य, सबब सुपारी निरुपद्रवी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तंबाखूविना विडा आणि खुद्द सुपारी, दोन्ही पहिल्या गटातली कर्करोगकारके ठरवली, ती माणसांत दिसलेल्या रोगावरून. मुंबईत कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच सुपारी आणि तंबाखूचे प्राण्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. तरी गुटख्याची पाकिटे दडवून विकावी लागतात, आणि सीवलची पाकिटे देवळाच्या वाटेवर माळेसारखी टांगलेली असतात.

इथे मला डॉ. वसंत रामजी खानोलकरांची आठवण होते. परळच्या टाटा रुग्णालयातले हे विकृतिशास्त्रज्ञ १९४० च्या दशकातच विचारत होते की कॅन्सर त्या विशिष्ट जागी का होतो. १९४५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहलेखिका सूर्याबाईंनी चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरांवर निबंध लिहिला, त्यात धोतराचा कॅन्सर होता: वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच रेषेवर घट्ट कसलेल्या धोतराखाली कातडी काळवंडते, घासते, जखम भरत नाही, आणि तिथे गाठ येते. धोतराच्या कापसात कोणते म्युटाजेन शोधणार? अगदी अलीकडे वर्ध्याच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली तसलाच कॅन्सर झाल्याचे नोंदवले. दक्षिणेतल्या बंगळूर, मद्रास, त्रिवेंद्रम या तीन केंद्रांतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या २००२ च्या अभ्यासातही पान चघळण्याबरोबर आणखी काही ठळकपणे वर आले: अस्वच्छ तोंड, आणि शेतकरी किंवा मजूर असणे. कुजके दात, सतत सुजलेल्या हिरड्या. यांना कोणी विषांच्या यादीत घालत नाही.

प्रतिपक्षाचा सगळ्यांत टोकदार सवाल मी टाळणार नाही. जर सूज हेच मर्म, तर सूज मारून कॅन्सर हटला पाहिजे. हटतो का? २०१७ मध्ये दहा हजारांवर हृदयरोग्यांच्या एका प्रयोगाचे निकाल आले, ज्यात इंटरल्यूकिन-१-बीटा रोखणारे औषध तपासले होते, तेव्हा मोठ्या डोसाच्या गटात फुप्फुसाचा कॅन्सर स्पष्टपणे कमी निघाला. त्या आशेवर तेच औषध फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांना दिले गेले, आणि ते प्रयोग फसले. यावर विरोधक समाधानाने मान डोलावतात. मला त्यात विरोध दिसत नाही. एकदा गाठ बसली की ती आपली भूमी आपणच घडवते. मग जुन्या भूमीची डागडुजी उशिराची ठरते. उलट सवाल मी करतो: सिगारेट सोडलेल्याची उत्परिवर्तने पुसली जात नाहीत, तरी त्याचा धोका वर्षागणिक उतरतो, तो का? २०२० मध्ये श्वासनलिकेच्या अस्तरात पाहिले, तर सोडलेल्यांत जवळजवळ निर्मळ पेशी मोठ्या संख्येने परतल्या होत्या. धूर थांबला, निवडीचे नियम बदलले, मागे दबलेल्या पेशी पुढे आल्या. उत्परिवर्तनांची बेरीज मांडून बसणाऱ्या सिद्धान्ताला हे समजावता येत नाही. वयाच्या सहाव्या घाताचा हिशेबही तितकाच दुबळा आहे. वयाबरोबर उत्परिवर्तनेच नव्हे, ज्या ऊतीत ती राहतात ती ऊतीही म्हातारी होत असते, हा कोलोरॅडोच्या जेम्स डीग्रेगोरींचा मुद्दा मला पटतो.

आता फवारणीचा पक्ष. माझ्या म्हणण्याने त्याला आनंदही होईल आणि रागही येईल. एखादे कीटकनाशक उत्परिवर्तनाच्या चाचणीत नापास झाले नाही, म्हणून ते निर्दोष, हा उत्पादकांचा युक्तिवाद माझ्या विवेचनाने मोडतो. जमालगोट्याच्या तेलाला त्याच निकषावर सोडून द्यावे लागले असते. परंतु हेही तितकेच खरे की गावातल्या दोघा-तिघा रुग्णांच्या अहवालातले म्युटेशन दाखवून फवारणीवर गुन्हा लावता येत नाही. ते म्युटेशन फवारणी कधीच न पाहिलेल्या गालातही असते. फवारणीवर आरोप ठेवायचा तर ती अस्तराला कुठे, किती काळ, कशी जखमी ठेवते हे दाखवावे लागेल. त्यासाठी फवारणी करणाऱ्या मजुराची कातडी, श्वास, तोंड वर्षानुवर्षे पाहणारा कोणी हवा. आंदोलनाला जेवढी माणसे जमतात, त्यांचा शंभरावा भागही या कामाला मिळत नाही.

दैववाद्यांशी माझा वाद थोडक्यात संपतो. पेशी विभागताना चुका होणे दैवाधीन असेल. पण तशा चुका सर्वांच्याच गालात होतात, हे त्या १,०४२ बोळ्यांनी दाखवले. ज्या चुका सर्वांच्यात आहेत, त्यांवरून एकालाच रोग का झाला हे सांगता येत नाही.

रक्तातल्या डीएनएवरून कॅन्सर आधीच ओळखू, अशा महागड्या चाचण्या आता तंजावरच्या रुग्णालयांच्या फलकांपर्यंत पोचायला फार वेळ लागणार नाही. सत्तरीपुढच्या दहातल्या एकाहून अधिक माणसांच्या रक्तात बदललेल्या पेशीकुळ्या एरवीच वाढलेल्या असतात, हे २०१४ पासून ठाऊक आहे. तिथे चुकीची घंटा वाजायला वाव मोठा. शेजारच्या केरळात त्रिवेंद्रम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींत मात्र वेगळेच करून पाहिले गेले. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले, तोंड उघडायला सांगितले, उजेडात गाल, जीभ, हिरडी पाहिली. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. कोणाचे एकही जनुक वाचले नव्हते. तमिळनाडूत २०२१ पासून ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्’ योजनेतल्या बायका रक्तदाब आणि साखर पाहायला दारात येतात. त्यांच्या पिशवीत एक विजेरी टाका, आणि तोंडात किती बोटे मावतात त्याचा रकाना वहीत वाढवा. सुपारी खाणाऱ्याला तंबाखूबद्दल विचारून सोडून देऊ नका.